ड्रिलबाईंनी हात वर केला

ड्रिलबाई जिल्हा परिषदेवर निवडून आल्या, तेव्हा सगळ्यांत मोठा धक्का ड्रिलबाईंनाच बसला. बातमी घेऊन माणसं धावत आली त्या वेळी त्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या.

"कोण आलं रे निवडून?" त्यांनी वरूनच विचारलं.

"तुम्ही, बाई!"

"मी उभी होते ते माहीत आहे मला. निवडून कोण आलं ते विचारतेय."

खालची माणसं हसायला लागली. बाई हसल्या नाहीत. चिमटे तोंडात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि अंगणात कुणीतरी ढोल आणला तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यांना उभं करण्याची गोष्टही अशीच. बाईंनी उभा जन्म एकाच शाळेत कवायत शिकवली. पांढरे कॅनव्हासचे बूट, आखूड कापलेले केस आणि चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जाणारा आवाज. त्यांचं खरं नाव मस्टरवर होतं तेवढंच. बाकी सगळ्या जगाला त्या ड्रिलबाई. निवृत्त झाल्या तरी बूट सुटले नाहीत आणि आवाजही बसला नाही.

जिल्हा माणसांनी नुसता उतू चालला होता. कुठून कुठून कामासाठी लोक येत, येताना मुलंबाळं घेऊन येत, आणि ती मुलं शाळेत जात. शाळा मात्र होत्या तेवढ्याच. मग एका शाळेच्या तीन शिफ्ट झाल्या. सकाळची मुलं उठायची, दुपारची बसायची, दुपारची उठायची, संध्याकाळची बसायची. बाकं कधी थंड म्हणून होत नसत. बाईंच्या शाळेला मागे मोठं मैदान होतं, आख्ख्या वस्तीतली तेवढीच एक मोकळी जागा. त्यावर वर्गखोल्या बांधाव्यात असं निम्म्या पालकांचं म्हणणं. मैदानाला हात लावाल तर याद राखा, असं उरलेल्या निम्म्यांचं. यावर शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा भरली, आणि हां हां म्हणता माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. एकाच्या शर्टाची बटणं तुटली, एकीची चप्पल हवेत दिसली.

मागे दाराशी बाई उभ्या होत्या. त्यांना काय झालं कोण जाणे, सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "साऽऽवधान!"

आणि हॉल थिजला. कारण भांडणाऱ्यांतले बहुतेक जण कधी ना कधी बाईंच्या हाताखालून गेलेले. टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले. एक टकला गृहस्थ तर छाती काढून, मान ताठ करून उभा राहिला आणि मग ओशाळून इकडे तिकडे बघायला लागला.

त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, "बाई, परिषदेवर तुम्हीच उभ्या राहा."

"उभीच तर आहे मघापासून," बाई म्हणाल्या. "बसायला जागा कुठे आहे?"

लोकांना वाटलं, बाईंनी होकार दिला.

घरात तिघंच. बाई, त्यांचे यजमान आणि सून. मुलगा नोकरीसाठी लांब असायचा, सुट्टीला यायचा. यजमान बसच्या डेपोत कंट्रोलर म्हणून काम करून घरी बसले होते आणि आता दोन वर्तमानपत्रं पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून काढत. राजकारणातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची खात्री होती. ते कुणाला नीट पटवून देता आलं नाही, तर समोरच्याची समज कमी, असं ते मानत.

सून त्याच शाळेत संध्याकाळच्या शिफ्टला शिकवायची. स्वभावाने मितभाषी. बाई निवडून आल्या त्या रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "अभिनंदन, आई."

"तू मत दिलंस ना मला?"

"दिलं की," सून म्हणाली. मग जराशाने ताटाकडे बघत, "पण मनात नव्हतं."

बाईंचा घास हातातच राहिला. यजमान घाईघाईने म्हणाले, "मत गुप्त असतं, असं विचारायचं नसतं." आणि विषय तिथेच राहिला. पण तो बाईंच्या मनात राहिलाच.

परिषदेत दोन गट होते. एक जुना, एक नवा. खरं तर नवा गटही चांगला जुना झाला होता, पण नाव पडलं ते पडलं. या खेपेला दोघांच्या जागा अगदी बरोबरीत आल्या आणि मधे उरल्या एकट्या ड्रिलबाई. म्हणजे त्या ज्या बाजूला झुकतील ती बाजू भारी. हे यजमानांनी त्यांना चहाचे कप मांडून समजावलं. कप उचलून ठेवून समजावता समजावता चहा थंड झाला. बाईंना एवढंच कळलं की आता आपल्याला नीट वागायला हवं.

पहिल्याच दिवशी त्या चुकल्या. सभागृहात शिरल्या, एक रिकामी खुर्ची दिसली, बसल्या. टेबलावर माईक होता, त्यावर एक लाल दिवा, आणि समोर पाटी. पाटीवर बाईंच्या नावाआधी 'श्री.' लिहिलेलं. बाई ते खोडायला पेन शोधत होत्या तेवढ्यात टाळ्या वाजल्या. ती बाजू जुन्या गटाची होती. दुसऱ्या दिवशी यजमानांनी मोठ्याने वाचलं: ड्रिलबाईंचा जुन्या गटाला पाठिंबा.

"पण माझ्या नावाची पाटी तिथेच होती हो."

"पाटी कुणी ठेवली तिथे? विचार कर. हेच तर राजकारण."

अध्यक्ष निवडताना बाईंनी मत दिलं ते मात्र विचार करून दिलं. जुन्या गटाचा नेता त्यांचा विद्यार्थी होता. शाळेत असल्यापासून लांबलचक आणि बारीक, म्हणून पोरांनी त्याचं नाव शिडी ठेवलेलं. शिडी घरी येऊन बाईंच्या पाया पडला, वाकायला त्याला वेळ लागला, आणि म्हणाला, "बाई, जिवात जीव असेपर्यंत मैदानाला हात लावू देणार नाही." समोरच्या गटाच्या नेत्या औषधांचं दुकान चालवायच्या, सगळे त्यांना औषधवाल्या ताई म्हणत. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की वर्गखोल्या व्हायलाच हव्यात, मैदान गेलं तरी चालेल. बाईंना त्यांचा खरेपणा आवडला, पण मत शिडीला गेलं. शिडी अध्यक्ष झाला.

दोन-तीन महिने गेले. मग एका बैठकीत अध्यक्षांच्या खुर्चीतून शिडीने प्रस्ताव मांडला: शाळेमागच्या मैदानावर वर्गखोल्या बांधण्याचा.

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी शेजारच्या सदस्याला विचारलं. त्याने मान डोलावली, पण तो झोपेत होता असं नंतर लक्षात आलं. तेवढ्यात समोरून औषधवाल्या ताई उठल्या आणि कडाडल्या, "मुलांच्या हक्काचं मैदान आम्ही कदापि जाऊ देणार नाही!"

मधल्या सुट्टीत बाईंनी शिडीला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"अरे, तू मला काय सांगितलं होतंस?"

"बाई, हळू बोला, लोक बघतायत. वरच्या सरकारकडून आदेश आलाय. तिन्ही शिफ्ट बंद करून एकच करा. मी काय करू? अध्यक्ष आहे मी आता."

"आणि ती? तिला तर खोल्याच हव्या होत्या!"

शिडी कमरेत वाकून त्यांच्या कानाशी आला. "बाई, निवडणुकीआधी सत्ता त्यांची होती, त्या आमच्या जागी बसायच्या. तेव्हा आम्ही तिकडे होतो."

"म्हणजे माणसाचं मत खुर्चीप्रमाणे?"

"तसं नाही हो..." शिडी म्हणाला, आणि पुढे काही बोलायच्या आत त्याला कुणीतरी ओढून नेलं.

बाई ताईंकडे गेल्या. ताईंनी त्यांना चहा दिला, हात हातात घेतला. "मी खोटं नाही बोलत, बाई. मला आजही वाटतं खोल्या हव्यात. पण हे लोक बांधणार कशा, कुणाकडून बांधून घेणार, ते आम्हाला माहीत आहे. म्हणून विरोध. तुम्ही समजून घ्या."

बाईंना समजून घ्यायचं होतं. मन लावून ऐकलं तरी दोघंही बरोबर वाटायचे आणि दोघंही खोटे वाटायचे. आयुष्यभर त्यांनी मुलांना एकच शिकवलं होतं: सांगितलं की कळतं, कळलं की करायचं. इथे सांगणारे पुष्कळ, आणि कळत काहीच नाही.

मतदानाची बैठक जवळ आली तसे घरी लोक यायला लागले. मैदानवाले येत आणि म्हणत, बाई, तुमच्या भरवशावर आहोत. खोल्यावाले येत आणि म्हणत, बाई, तुमच्याच हातात आहे. एक आजोबा नुसतेच येऊन बसत, चहा पीत आणि काही न बोलता जात. ते कुठल्या बाजूचे, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

एके दिवशी सगळे गेल्यावर सून भांडी लावता लावता म्हणाली, "आई, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचार."

"मैदान राहू दे म्हणता तुम्ही. माझी मुलं बसणार कुठे?"

"आत्ता बसतातच की."

"तुम्ही या एकदा बघायला."

बाई गेल्या. त्याच शाळेत त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण त्या मैदानावर असायच्या. संध्याकाळच्या वर्गात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. दारातूनच त्यांना गरम हवेचा लोट लागला. तिघांच्या बाकावर पाच-पाच जण. खिडकीच्या कट्ट्यावर मुली, फळ्याखाली जमिनीवर मुलं, आणि सुनेला फिरायला म्हणून एक पाऊलवाट, ती पण दप्तरांनी भरलेली. मागच्या मुलाला प्रश्न विचारायचा तर तो पुढच्याने मागे पोचवायचा आणि उत्तर तसंच पुढे यायचं. येताना ते बदललेलं असायचं. सुनेचा आवाज घरी इतका कमी का असतो, ते बाईंना त्या दिवशी कळलं. तो इथेच संपत होता.

खिडकीतल्या एका मुलीने बाईंना खालपासून वरपर्यंत निरखलं. "तुम्ही सरकार आहात का?"

वर्ग हसला. निवडून आलेली माणसं म्हणजेच सरकार, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. पण 'हो, मी सरकार' असं म्हणायचा त्यांना धीर होईना.

"थोडीशी," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग पंखा लावा ना."

पंखा होता. तो चालत नव्हता.

मग छोटी सुट्टी झाली आणि सगळी मुलं दार फोडून मैदानात गेली. इतकी मुलं, की माती दिसेना. कुणी नुसतंच गोल गोल पळत होतं, कुणी पाठीवर पडून आभाळाकडे बघत होतं. खिडकीतली ती मुलगी दोन्ही हात पसरून जोरात ओरडत होती, कशासाठीच नाही, उगीच. बाई पायरीवर उभ्या राहून बघत राहिल्या. वर्गात बघितलं तेव्हा वाटलं होतं, खोल्याच हव्यात, यात दुमत कसलं? आता वाटलं, हे काढून घेतलं तर या मुलांचं काय उरेल?

घरी परतताना सुनेने विचारलं, "काय वाटलं?"

"काही सुचत नाही गं."

"मला पण कधी कधी नाही सुचत," सून म्हणाली. "पण मला रोज त्या वर्गात जायचं असतं."

या एका वाक्यावर बाईंनी मनाशी ठरवलं. त्यांच्या जिवावर आलं होतं, पण ठरवलं. खोल्यांच्या बाजूने हात वर करायचा. मैदानवाल्यांना तोंड कसं दाखवायचं ते नंतर बघू.

बैठकीच्या दिवशी गॅलरी खचाखच भरली होती. बाईंनी बुटांना खडू लावून ते पांढरेशुभ्र केले होते. शिक्षणाधिकारी उभे राहिले. चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. आदल्या आठवड्यात दोन्ही गटांनी मूळ प्रस्तावाला इतक्या दुरुस्त्या सुचवल्या होत्या की मूळ प्रस्ताव कुठे गेला ते दिसेनासं झालं होतं. शेवटी मतदानाला आलं ते असं: "मैदानाचे मैदान म्हणून असलेले स्वरूप कायम राखण्याविषयीच्या ठरावास सुचविण्यात आलेली, वर्गखोल्यांच्या बांधकामास स्थगिती न देण्याची उपसूचना नामंजूर न करण्याबाबत सभागृहाने आपले मत द्यावे."

सभागृहात कुणीतरी खोकलं. बाई उठल्या. माईकचं बटण दाबायचं राहिलं, पण त्याची गरज नव्हती.

"साहेब, मला एवढंच सांगा. हात वर केला तर खोल्या होतात की नाही?"

"हात वर केला तर उपसूचना नामंजूर होत नाही, बाई."

"म्हणजे खोल्या होतात?"

"नामंजूर होत नाही म्हणजे मंजूर होते असं नाही. पण नामंजूर होत नाही हे नक्की."

"आणि हात खाली ठेवला तर?"

शिक्षणाधिकाऱ्यांनी कागद उलटा करून पाहिला. "तर मग... उपसूचना नामंजूर होऊ शकते. पण मूळ ठराव आपोआप मंजूर होतो असंही नाही."

गॅलरीत हशा पिकला. त्यांनी शिडीकडे पाहिलं; शिडीने हळूच हात वर करायची खूण केली. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईही हात वर करा अशीच खूण करत होत्या. दोघांनाही एकच हवंय? कसं शक्य आहे? की दोघांतल्या एकाला कळलेलं नाही? की कुणालाच?

"मतदान," अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले, खिडकीतली मुलगी आठवली, आणि हात वर केला. सरळ, कोपर न वाकवता, जसा शिकवला होता तसा.

दोन्ही गटांतले निम्मे हात वर गेले, निम्मे खाली राहिले, आणि एका मताने उपसूचना नामंजूर न होण्याचं ठरलं. जुन्या गटाने टाळ्या वाजवल्या. नव्या गटानेही टाळ्या वाजवल्या. गॅलरीतल्या लोकांना कुणाला मिठी मारावी आणि कुणाला शिव्या द्याव्यात हे उमगेना, म्हणून काहींनी दोन्ही केलं.

घरी सून दारातच उभी होती. "काय झालं?"

"मला वाटतं खोल्या झाल्या."

"वाटतं?"

"आतापुरतं एवढंच सांगता येईल, बाळा."

सकाळी यजमानांनी दोन्ही वर्तमानपत्रं शेजारी शेजारी पसरली. एकात मथळा होता: मैदान वाचलं. दुसऱ्यात: खोल्यांचा मार्ग मोकळा. यजमान बराच वेळ कधी इकडे कधी तिकडे वाकून वाचत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "मला काही कळलं नाही."

महिन्याभरात मैदानावर खोदकामाचं पिवळं यंत्र आलं तेव्हा उलगडा झाला. एका कडेने पायाचे खड्डे खणले गेले. मैदानवाले बाईंच्या घरासमोर आले. त्यांच्यातल्या एका आईने, जी स्वतः बाईंच्या हाताखाली रिले धावली होती, सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." बाई ऐकून घेत उभ्या राहिल्या. 'मी जाणूनबुजून केलं' म्हणायचं होतं, पण जाणून तरी काय होतं? खोल्या उभ्या राहिल्या की सगळं मिटेल, असं त्यांनी मनाशी धरलं.

आणि तेवढ्यात जिल्ह्याचे दोन तुकडे झाले.

हे कुठल्या बैठकीत ठरलं, कुणी विचारलं, कुणी मागितलं, कुणालाच धड माहीत नव्हतं. जिल्हा फार मोठा झाला, एका कार्यालयातून चालवता येत नाही, असं वरच्या सरकारने जाहीर केलं आणि मोकळं झालं. बाईंचं घर जुन्या जिल्ह्यात राहिलं, शाळा नव्या जिल्ह्यात गेली. मधे एक रस्ता. जुन्या जिल्ह्याने ठरवलेली कामं नव्या जिल्ह्याने पुन्हा तपासायची म्हणून यंत्र निघून गेलं. खड्डे राहिले.

एक दिवस सुट्टीत खेळताना एक मुलगा खड्ड्यात पडला आणि त्याचा पाय मोडला. सून घरी आली ती रडवेली होऊन. बाई तशाच शिडीकडे गेल्या.

"बाई, माझा जीव तुटतो," शिडी म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरंच उतरला होता. "पण ती शाळा आता माझ्या हद्दीत नाही. मी तिथे एक वीटसुद्धा हलवू शकत नाही."

मग त्या नव्या जिल्ह्याच्या कार्यालयात गेल्या. ते एका बंद पडलेल्या गोदामात थाटलं होतं. टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. नवे शिक्षणाधिकारी उभ्यानेच काम करत होते, माणूस अगदी तरुण आणि भला.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

"मी त्या शाळेच्या भागातली निवडून आलेली सदस्य."

"जुन्या परिषदेच्या?"

"हो."

"मग या जिल्ह्यात आपण... म्हणजे तुमचे मतदार इकडे आले आणि तुम्ही तिकडे राहिलात." ते खरोखर विचारात पडले. "तुम्ही सदस्य आहात, पण कुणाच्या हे मला विचारून सांगावं लागेल. तोवर खड्ड्यांचं काही करता येणार नाही. ते अजून आमच्या ताब्यात आलेले नाहीत."

"पोरं तर रोज त्यात पडतायत."

"पोरं आमच्या ताब्यात आलीयत," ते खिन्नपणे म्हणाले. "खड्डे नाही."

बाई रस्ताभर चालत राहिल्या. त्यांना शिडीचा राग येईना, या पोरगेल्या अधिकाऱ्याचा येईना. राग धरावा असं कुणी सापडतच नव्हतं, आणि त्यानेच जास्त गुदमरायला होत होतं. शाळेच्या फाटकापाशी त्या थांबल्या. खड्ड्यांच्या कडेला मातीचे ढीग तसेच होते. ज्या खड्ड्यातून निघाले, त्याच्याच शेजारी.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाईंच्या हाकेवर वस्तीतली माणसं फावडी-घमेली घेऊन जमली. मैदानवाले आले, कारण मैदान परत मिळत होतं. खोल्यावाले आले, कारण पोरं त्यांचीही होती. बाईंना रागावून बोललेली ती रिलेवाली आई सगळ्यांत आधी आली. बाई मधे उभ्या राहून ओरडत होत्या, "एका रांगेत! घमेलं हातातून हातात! पाठ सरळ!" संध्याकाळपर्यंत खड्डे बुजले. ज्यांच्यासाठी हात वर केला होता त्या खोल्या आपणच मातीखाली घालतोय, हे बाईंच्या मनात येत होतं, आणि तरी घमेलं पुढे जात होतं. सून त्यांच्या शेजारीच होती. तिच्या केसांत माती होती आणि ती का कोण जाणे, हसत होती.

पुढे सरकारी बांधकामाची नासधूस केल्याबद्दल जाब विचारणारी नोटीस आली. बाई गोदामातल्या कार्यालयात गेल्या आणि म्हणाल्या, "मी बुजवले." तरुण अधिकाऱ्यांनी बराच वेळ डोकं धरलं. खड्डे खणले जुन्या जिल्ह्याने, बुजवले जुन्या जिल्ह्याच्या सदस्याने, नव्या जिल्ह्याच्या जमिनीवर. शिक्षा कुणी करायची हे ठरेना. आता खुर्च्या आल्या होत्या, म्हणून त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, चहा पाजला आणि घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई संध्याकाळच्या शिफ्टला शाळेत जायला लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं. सुनेच्या वर्गातली निम्मी मुलं त्या मैदानावर घेऊन जात, निम्मी वर्गात बसत, मग अदलाबदल. मैदानावर पळून झालं की बाई मुलांना मातीवर बसवून पाढे म्हणायला लावत, तेही कवायतीच्या ठेक्यात. यात नियमात बसणारं काही नव्हतं, पण कोणत्या जिल्ह्याचा नियम मोडतोय हे कुणी सांगू शकलं नाही, म्हणून ते चालू राहिलं. सुनेचा आवाज घरी थोडा मोठा झाला. आता ती जेवताना बोलायची, कधी कधी सासऱ्यांच्या राजकारणाला उत्तरही द्यायची.

वर्षभराने नव्या जिल्ह्याने पलीकडच्या वस्तीत दुसरी शाळा बांधली. अर्धी मुलं तिकडे गेली आणि संध्याकाळची शिफ्ट आपोआप बंद झाली. श्रेय शिडीने घेतलं, ताईंनी घेतलं, वरच्या सरकारने तर फलकच लावले. बाईंना बाजारात माणसं भेटत. एकजण म्हणे, "बाई, तुम्ही मैदान वाचवलंत, विसरणार नाही." पुढच्याच दुकानात कुणी म्हणे, "बाई, तुमच्यामुळे हक्काच्या खोल्या गेल्या." तिसरा, खोल्या तुम्ही मंजूर केल्यात म्हणूनच तर नवी शाळा आली, असं पटवून देई. बाई तिघांनाही हो म्हणत आणि घरी येऊन सुनेला विचारत, "मी नेमकं काय केलं गं?"

"खड्डे बुजवलेत," सून म्हणायची. "तेवढं नक्की."

पुढच्या निवडणुकीला बाई उभ्या राहिल्या नाहीत. मतदानाच्या दिवशी सकाळी त्या रांगेत लागल्या, मागे यजमान, त्यांच्या मागे सून. पुढे उभी असलेली एक तरुण मुलगी, पहिल्यांदाच मत द्यायला आलेली, वळून म्हणाली, "बाई, तुम्ही तर परिषदेत होता. कुणाला द्यायचं सांगा ना."

"मला नको विचारूस," बाई म्हणाल्या. "मी आत जाऊन आलेय."

मुलीला वाटलं बाई चेष्टा करतायत. मग बाईंची पाळी आली. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रांग कुरकुरली. अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं. यजमान मान उंच करकरून बघायला लागले.

"आई, झालं का?" सुनेने हळूच विचारलं.

"थांब गं जरा," आतून आवाज आला, आणि तो बाहेरच्या फाटकापर्यंत ऐकू गेला. "वाचतेय."